चिंगीची एकादशी

सकाळपासून आमची मांजर चिंगी देवघरासमोर बसून होती. पुढ्यात पाण्याची वाटी, मान खाली, डोळे अर्धे मिटलेले. दुधाला तोंड लावलं नव्हतं. त्या दिवशी नेमकी एकादशी. मला गहिवरून आलं.

तरुणपणी मी देवाच्या डोक्यावरचं फूल उजवीकडे पडलं तर साडी घ्यायचे, डावीकडे पडलं तर दुसऱ्या दुकानात जायचे. ती येडी बाई सत्तरीत सुधारली, असा आमच्या ह्यांचा समज होता. त्यांना हाक मारून म्हटलं, "बघा, मुकं जनावर उपास करतंय. आणि तुम्ही सकाळपासून डबे उघडताय." मग चिंगीला अंगारा लावला. तिने पापणीही हलवली नाही. मला वाटलं, समाधी लागली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात एक अनोळखी बाई, हातात पूजेचं ताट. शेजारच्या इमारतीत सत्यनारायणाला निघालेली, चुकून आमच्याकडे आली. जे. पी. नगरच्या आमच्या गल्लीत इमारती सगळ्या सारख्याच. बोलणं बेळगावकडचं. मी कौतुकाने तिला माझी भक्तीण दाखवली. ती हसली नाही. ताट खाली ठेवून वाकली.

"अक्का, ही ओकली काय?"

"पहाटे थोडं पिवळं पाणी. उपासाचं पित्त असेल."

"उपास नव्हे हो. आमची मांजरं अशीच बसली होती पाण्यापुढं. तहान असते, पिववत नाही. आत्ता न्या डॉक्टरकडं. आणि आधी त्या बोक्याला लांब करा."

आमचा गुंड्या त्याच वाटीत तोंड घालत होता. मी त्याला ओढून बाजूला केलं.

तपासणीत निघाला मांजरांचा पार्वो. डॉक्टर म्हणाले, विषाणूवर थेट औषध नाही. सलाइन, उलटी थांबवणारी इंजेक्शनं, बाकी तिची ताकद. माणसांना होत नाही, पण एका मांजराकडून दुसऱ्याला झपाट्याने लागतो. लस दिली होती का? घराबाहेर न पडणाऱ्या मांजरांना लस कशाला, असं मीच म्हटलं होतं. बाहेरच्या आजारी मांजराला कोणी हात लावला होता का? गेल्या आठवड्यात देवळाच्या पायरीवर एक मलूल पिल्लू मी मांडीवर घेतलं होतं, आणि त्याच साडीत घरी येऊन हिला कुरवाळलं होतं. कपड्यांवरूनही येतो, ते म्हणाले. प्रसादाबरोबर मी घरी काय आणलं होतं ते कळलं.

चिंगी दवाखान्यात वेगळ्या पिंजऱ्यात राहिली. गुंड्याला तपासून लस दिली आणि मागच्या खोलीत ठेवलं. ह्यांनी ब्लीचच्या पाण्याने फरशी पुसली, मी वाट्या टाकून दिल्या. देवासमोर बसले, पण कौल मागायचा धीर होईना. एवढंच म्हटलं, "तिचा जीव तुझ्या हाती. नेणं-आणणं, साफसफाई मी बघते." आयुष्यात पहिल्यांदा उत्तराची वाट न बघता उठले.

बऱ्याच दिवसांनी दवाखान्यातून फोन आला, चिंगीने आपणहून खाल्लं. मी ह्यांना हाक मारली.

ती बाई पुन्हा दिसली नाही. तिला आमच्या दाराशी कोणी पाठवलं, यावर मी आता वाद घालत नाही. चिंगी हल्ली माझ्या उशीच्या मधोमध झोपते. मी हात जोडते आणि कडेला सरकते.