दत्तक न चालणारं घराणं

१९६१ साली बंगळूरच्या छावणीतल्या बंगल्यात सर एडमंड नावाचा म्हातारा इंग्रज बॅरोनेट, म्हणजे पिढीजात किताबाचा मानकरी, आपली वंशावळ सांगत होता आणि व्यंकोजीराव ती टाइप करत होते. दहा पिढ्या झाल्या. शेवटी साहेबाचं नाव आलं आणि त्याखाली कागद कोराच राहिला.

"मग दत्तक घ्या की, साहेब," व्यंकोजीराव म्हणाले.

"आमच्यात दत्तक चालत नाही. किताब रक्ताच्या वारसालाच. मी गेलो की संपलं," म्हणत म्हातारा निवांत चहा पिऊ लागला.

संपलं! एवढं सोपं? व्यंकोजीरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सातव्या वर्षी त्यांना काकाच्या मांडीवर दत्तक बसवलं आणि त्या दिवसापासून जन्मदात्या आईला 'काकू' म्हणायला लावलं. पुढे मुंबईची नोकरीही सोडायला लावली. नाव चालवणाऱ्यानं घर सोडायचं नसतं म्हणे!

संध्याकाळी घरी आले तर दत्तक आई वाटच पाहत होती. "तुला चारही मुलीच. सख्ख्या धाकट्या भावाचा मुलगा दत्तक घे. गुरुवारचा मुहूर्त काढलाय."

"सरी," व्यंकोजीराव म्हणाले. कानडीतलं 'बरं'. दुसरा शब्द त्या घरात त्यांना कुणी शिकवलाच नव्हता.

ओसरीवर भावजय लेकराला कुशीत घेऊन घोकवत होती, "मला काकू म्हणायचं हं. काकू."