चावणारी गाडी

शाळेत मी तिसरीच्या पुढे गेलो नाही. पण तारेतली वीज कुठून येते आणि कुठे जाते, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही.

लढाईच्या दिवसांत मी जळगावच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ड्रायव्हर होतो. त्यांची गाडी म्हणजे जुनी लॉरी, तिच्यावर पत्र्याची खोली चढवलेली. आत मोतीबिंदू काढायचं टेबल, स्टोव्ह, पाण्याची टाकी आणि भिंतीला मिटणाऱ्या दोन फळ्या. फळ्यांवर आम्ही निजायचो. दवाखाना तोच आणि घरही तेच. धूळ येऊ नये म्हणून खिडक्या बंद ठेवायच्या, त्यामुळे भरदिवसा दिवा लागे. मुक्कामाच्या गावी एखाद्या कारखान्यातून तार ओढून गाडीला वीज द्यायची, हे माझं काम.

त्या खेपेला आम्ही शिरपूरला कापसाच्या कारखान्याच्या आवारात उतरलो. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, सरली होती, ऊन डोक्यात शिरत होतं. गाडी मी लांब निंबाच्या सावलीत लावली, आणि कारखान्याच्या इंजिनवाल्याने त्याच्या बाजूने तारा जोडून दिल्या. दिवा झकास लागला.

पहिली पाळी माझ्या थोरल्या बहिणीची होती. आई गेल्यावर अक्कानेच मला वाढवलं. तिचा एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलेला. डॉक्टर म्हणाले होते, आता लांबवलं तर हाही हातचा जाईल. यावलकडच्या तिच्या गावाहून मी तिला हट्टाने आणली होती. दुसऱ्या सकाळी गाडी धुळ्याला निघणार होती.

तिने हात धुतले, अनवाणी पाय लोखंडी पायरीवर ठेवला, आणि किंचाळून मागे पडली. मी धरली म्हणून बरं. ती म्हणाली, "हाई गाडी चावस. माले नही चढनं."

मी पायरीला हात लावला. कोपरापर्यंत झिणझिणी आली. माझ्या पायात जाड वहाणा होत्या म्हणून तेवढ्यावर भागलं. रांगेतली माणसं उठून निंबाखाली गेली. गाडीत काहीतरी बसलंय, नारळ फोडा, असं कुणीतरी म्हणालं. मला भुताची भीती कधीच नव्हती. भीती ही, की अक्का आता चढणार नाही. आणि चढली, तर तिचं काय होईल?

मी इंजिनवाल्याला सांगून वीज बंद करवली. पत्र्यावर कुठे तार घासली आहे का ते बघितलं. सातपुड्याच्या रस्त्यांनी गाडी खिळखिळी झाली होती, म्हणून आधी तोच संशय. बोट फिरवून सगळी तार तपासली, शाबूत होती. मग जमिनीत एक सळई ठोकली. दिव्याला दोन तारा जोडून एक पायरीला लावली, एक सळईला, आणि वीज सुरू करायला लावली. दिवा जेमतेम लाल झाला. काळी माती तडकून कोरडी पडली होती. सळईपाशी तांब्याभर पाणी ओतलं आणि दिवा भडकला. अख्खी गाडी विजेने भरलेली होती.

पुन्हा वीज बंद करून मी आतली बटणांची फळी उघडली, तेव्हा उलगडा झाला. खोलीतलं विजेचं काम धुळ्याच्या एका मोटारमिस्त्रीने केलेलं. मोटारीत दिव्याला एकच तार नेतात, दुसरीचं काम गाडीचा पत्रा करतो. त्या बाबाने कारखान्याच्या विजेलाही तीच तऱ्हा लावली होती. आजवर जिथे गेलो तिथे तारा योगायोगाने सुलट्या जोडल्या गेल्या. इथे उलट्या लागल्या आणि जिवंत बाजू, म्हणजे झटका देणारी तार, पत्र्यावर आली.

डॉक्टर घड्याळ बघत होते. म्हणाले, तारांची अदलाबदल कर आणि संपव. मी अदलाबदल केली, पायरी आणि सळईला पुन्हा दिवा लावून पाहिला, तो पेटला नाही. पण मन मानेना. इंजिनवाल्याने मध्येच पुन्हा उलट केलं तर? डोळ्यात सुरी असताना?

"दुसरी तार टाकल्याशिवाय मी कुणाला चढू देणार नाही," मी म्हणालो.

"तार आणणार कुठून? लढाईपायी बाजारात वीतभर मिळत नाही."

खरंच मिळत नव्हती. मी वीज बंद करवली, गाडी सुरू केली आणि निंबाखालून काढून कारखान्याच्या भिंतीला टेकवली. आता आखूड तार पुरली. उरलेली कापून आत दिव्यापर्यंत ओढली आणि पत्र्याचा संबंध तोडला. डॉक्टर चिडले. भर उन्हात पत्रा तापेल, म्हातारीचा घाम डोळ्यात उतरेल, म्हणाले. त्यात त्यांचं चुकत नव्हतं. गोणपाटं भिजवून मी टपावर टाकली, पण बाजूचे पत्रे तव्यासारखे तापलेच.

अक्का मात्र हलेना. काय बिघडलं आणि काय केलं, ते मी सगळं सांगितलं. तिने ऐकूनच घेतलं नाही.

"आंधळी बरी शे मी," ती म्हणाली.

मग मी वहाणा काढल्या, जमिनीवर पाणी ओतलं, त्या चिखलात उभा राहिलो आणि तापल्या पत्र्यावर तळहात ठेवला. दुसरा हात तिच्या हाती दिला. तिने माझा हात चाचपला, खांद्यापर्यंत चाचपत गेली. थरथरतोय का ते बघत असावी.

"चावू दे," ती म्हणाली, "पण दोन्हीस्ले." आणि तिने पायरीवर पाय ठेवला.

दार लागलं. मी तिथून हललो नाही. माझ्या जोडणीवर माझा भरवसा होता. तरी हात काढवेना. काही झालंच तर आधी मला कळायला हवं होतं. आतून आवाज येत नव्हता, कारखान्याचं इंजिन धडधडत होतं. त्याचा ठोका जरा चुकला की मी तळहात पत्र्यावर आणखी दाबायचो. शेवटी डॉक्टर दारात आले आणि म्हणाले, "झालं. हात काढ आता."

धुळ्याच्या मुक्कामावर अक्काला गाडीतच ठेवली होती. पट्टी सुटली तेव्हा तिने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग हाताकडे. तळव्यावर फोड फुटून कातडी निघाली होती.

"हाई काय शे?"

"गाडी चावली," मी म्हणालो.