मालक म्हणून विचारतोय

कारखान्याच्या नोकरीने मला हैदराबादेत आणलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. लेखा विभागात जागा मिळाली तेव्हा वडिलांनी गल्लीत पेढे वाटले होते. त्यामुळे कंपनीविरुद्ध मनात काही आलं की अजूनही कृतघ्न झाल्यासारखं वाटतं.

उदारीकरणाच्या त्या वर्षांत कंपनीने शेअर बाजारात आणले. आम्हा नोकरदारांनाही थोडे सवलतीत मिळाले. मग नव्या संचालकांनी खर्च कमी करायला घेतला आणि फाटकाजवळचा दवाखाना बंद करायचं ठरवलं. आमच्या जुन्या फिटरची बायको रोज तिथेच इन्सुलिन घ्यायची. अंबरपेठेतल्या त्यांच्या खोलीत फ्रिज नव्हता. औषध दवाखान्यातच ठेवलेलं असायचं.

कंपनीची वार्षिक सभा कोठीजवळच्या सभागृहात भरली. फिटर इस्त्रीचा शर्ट घालून आले. उठून म्हणाले, "साब, दवाखाना कायकू बंद कर रैं?"

"हे युनियनमार्फत विचारा," अध्यक्ष म्हणाले.

"मालक बनके पूछ रऊं, साब. शेअर हैं मेरे पास!"

सभागृह हसलं. मागून कोणी ओरडलं, "बैठो चचा, नाश्ता ठंडा हो रा!"

मी उभा राहिलो. "दवाखाना चालू राहावा, असं भागधारक म्हणून मलाही वाटतं." विषयपत्रिकेत नाही, असं सांगून अध्यक्ष पुढच्या ठरावाकडे वळले.

शेजारी बसलेले निवृत्त मराठी शिक्षक हळूच म्हणाले, "बाळ, माझा सगळा फंड यात आहे. लाभांश घटला तर माझी औषधं कोण देणार?"

त्यांच्यावर रागावताही येईना. अशाच गुरुजींनी मला शिकवलं होतं.

दवाखान्याला कुलूप लागलं. फिटरनी शेअर विकून एक जुना फ्रिज घेतला. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा फ्रिजचं दार उघडून दाखवत म्हणाले, "मालकी बेच को ठंडक लाया, बाबू!" आत आजूबाजूच्या दोघींचीही औषधं होती.

पुढच्या वर्षीच्या सभेला ते येऊ शकले नाहीत. आता ते भागधारक नव्हते. खर्च घटवल्याबद्दल संचालकांचं अभिनंदन झालं. टाळ्या वाजल्या, गुरुजींनीही वाजवल्या. माझे हात मांडीवरच राहिले. लाभांश वाढला होता, आणि तो माझ्याही घरी येणार होता.