सोमवारचे बारा शर्ट

माझ्या लाँड्रीच्या वरच्या खोलीत ती दोन मॉर्मन पोरं राहायला आली, तेव्हाच मी घरमालकाला म्हटलं होतं, की तुम्हाला दुसरे भाडेकरू मिळाले नाहीत का? तो म्हणाला, "अहो, दारू नाही, सिगारेट नाही, मुली आणणं नाही. चहासुद्धा त्यांच्या धर्मात चालत नाही." मी म्हटलं, मग जगतात कशासाठी?

मॉर्मन म्हणजे ख्रिस्तातलाच एक निराळा पंथ, आणि त्याच्या प्रचाराला परदेशातून आलेली पोरं ती. पगार नाही, उलट घरच्यांच्याच पदराला खार. दोन वर्षं परक्या गावात दारोदार फिरायचं आणि लोकांच्या शिव्या खायच्या. त्यांच्या छातीवर काळी पट्टी होती आणि तिच्यावर नावाआधी 'एल्डर' असं लिहिलेलं होतं. एल्डर म्हणजे वडीलधारा. एकोणीस वर्षांचा वडीलधारा! मिशी धड फुटलेली नाही आणि निघाले जगाला शहाणं करायला. मी त्यांच्या पट्ट्या कधी वाचल्या नाहीत. उंच होता त्याला मी ताडमाड म्हणायची आणि दुसऱ्याला मास्तर. मास्तर दोन वर्षांनी मोठा आणि त्याची परतायची वेळ जवळ आलेली, त्यामुळे सगळा कारभार त्याच्याकडे. आपसातही इथलीच भाषा बोलायची, हा त्याचाच नियम. माझ्यासारखीला तो फार सोयीचा होता, कारण वरचं सगळं खाली ऐकू यायचं.

सकाळी साडेसहाला माझ्या डोक्यावर धपधप सुरू व्हायची, ती व्यायामाची. मग एकदम शांतता, ती प्रार्थनेची. मग बराच वेळ पुटपुट, ती अभ्यासाची. साडेनवाला दोघं जिना उतरायचे, ते थेट अंधार पडल्यावर परतायचे. आणि काहीही झालं तरी दोघं बरोबर. एकाला टपालपेटीत पत्र टाकायचं असलं, तरी दुसरा शेजारी उभा. एकमेकांच्या नजरेआड व्हायचंच नाही, असा त्यांच्याकडे नियम आहे. मी आमच्या यांना म्हटलं, "आपल्या लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण एवढं चिकटून आपण एक दिवस राहिलो नाही." हे म्हणाले, "म्हणून तर चौतीस टिकली."

सोमवार त्यांच्या सुट्टीचा. सकाळी बाजार, केस कापणं, आठवड्यातून एकदा घरी फोन, आणि माझ्या टेबलावर बारा पांढरे शर्ट. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचे कपडे धुते. मला शर्ट बघून माणसाचा आठवडा कळतो. मास्तरच्या कॉलरी काळ्या असायच्या, पण पुढची बाजू स्वच्छ. ताडमाडच्या शर्टांवर मात्र सगळं गाव उतरलेलं असायचं. कुणी वरच्या मजल्यावरून भांड्याचं खरकटं पाणी ओतलेलं. कुत्र्यानं बाही धरलेली. एकदा पाठीवर अख्खा बुटाचा ठसा होता. मी विचारलं, "हे काय रे?" तर म्हणतो, "ते गृहस्थ जरा घाईत होते, काकू." दाराची बेल हाच वाजवायचा, मास्तर मागे उभा राहायचा. मग खरकटं कुणाच्या अंगावर येणार?

त्याचं ते गोड बोलणं माझ्या डोक्यात जायचं. पुस्तकातून भाषा शिकलेला. गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा "आपण जरा बाजूला होता का?" म्हणायचा. एका सोमवारी शर्टांची वाट बघत बसलेला असताना मी त्याला विचारलं होतं, "कंटाळा येत नाही? घरी का जात नाहीस?" तेव्हा पहिल्यांदा त्याचा चेहरा खरा दिसला. म्हणाला, "काकू, आमच्या शेजारचा मुलगा पाच महिन्यांत परत आला. आता तो प्रार्थनेला शेवटच्या रांगेत बसतो. त्याची आई लोकांना सांगते, की त्याची तब्येत बिघडली होती. कुणी विश्वास ठेवत नाही." मग म्हणाला, "माझे अजून सात महिने आहेत. एकदा ताकीद मिळाली आहे. पहिल्या गावात बसमध्ये चढलो आणि माझा साथीदार खालीच राहिला. तासभर मी एकटा होतो. पुन्हा असं झालं तर साहेब घरी पाठवतील."

साहेब म्हणजे मोठ्या शहरात बसणारा या पोरांचा प्रमुख. दर आठवड्याला त्याला पत्र लिहायचं, की काय केलं, काय चुकलं. रविवारी संध्याकाळी फोनवरून आकडे द्यायचे, की किती दारं, किती लोक ऐकायला बसले. त्या आकड्यांत आमचे हे होते, हे मला फार उशिरा कळलं.

यांची पाठ गेली तेव्हापासून हे मागच्या खोलीत पलंगावर असतात. दर गुरुवारी ती दोघं यांच्याशी गप्पा मारायला यायची. मी म्हटलं, बसू दे, तेवढाच यांचा वेळ जातो. एका गुरुवारी मी पडद्याआडून ऐकलं. ताडमाड सांगत होता, की कुटुंब मेल्यावरही तुटत नाही, तुमची मुलगी तुम्हाला पुन्हा भेटेल. आणि हे रडत होते.

आमची मुलगी अकरा वर्षांपूर्वी गेली. नऊ दिवसांच्या तापात. मी तिच्याबद्दल बोलत नाही आणि यांनाही बोलू देत नाही. बोलायचं नाही, असं ठरवून मी अकरा वर्षं इस्त्री फिरवली. आणि हा कुठला कोण पोरगा येतो आणि भेटीची तारीख दिल्यासारखं सांगतो! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. शर्ट घ्यायची, शर्ट द्यायची. हे माझ्यावर चिडले, मी यांच्यावर चिडले. घरात नुसती भांडी बोलत होती.

अशातच तो बुधवार आला. भावजी यांना डॉक्टरकडे घेऊन गेले होते. दुपारी शटर अर्धं खाली ओढून मी चहाचा कप घेऊन बसले, तेवढ्यात ताडमाड वाकून आत आला. एकटा.

"काकू, तापाची गोळी मिळेल का? माझ्या साथीदाराला खूप ताप आहे. आत्ताच झोप लागली आहे त्याला."

"वर देव आहे ना तुमचा? त्याच्याकडे माग," मी म्हटलं. पण ताप हा शब्द मला ऐकवत नाही. मी उठून गोळ्या काढून दिल्या.

तेवढ्यावर गेला असता तर काही झालं नसतं. पण पोरगं सभ्य ना! दोन्ही हातांनी गोळ्या घेतल्या आणि म्हणाला, "काकू, तुम्ही माझ्यावर रागावला आहात, मला माहीत आहे. पण मी तुमच्या मुलीसाठी रोज प्रार्थना करतो. तिचं नाव घेऊन."

तिचं नाव यानं घ्यावं? मी हातातला चहा त्याच्यावर फेकला.

गरम होता. तो दचकला, शर्ट छातीपासून लांब धरला आणि ओठ घट्ट मिटून उभा राहिला. मला वाटलं, आता तरी शिवी देईल. द्यावी, असं मला फार वाटत होतं. तो म्हणाला, "गोळीबद्दल आभारी आहे," आणि वाकून बाहेर गेला. लगेच धुतला असता तर तो डाग पाच मिनिटांत निघाला असता. एकतीस वर्षं हाच धंदा करणारी बाई मी, पण त्याला "शर्ट काढ, दे इकडे" एवढं माझ्या तोंडून निघालं नाही.

सोमवारी दोघं गाठोडं घेऊन आले. मास्तर बरा झाला होता आणि नेहमीप्रमाणे एकेक शर्ट मोजून टेबलावर ठेवत होता. अकराव्या शर्टाला त्याचा हात थांबला. त्यानं तो उलगडला, नाकाजवळ नेला.

"हा चहा आहे."

ताडमाडनं उरलेला शर्ट पुढे सरकवला.

"तू चहा प्यालास?"

मी समोरच उभी होते. आता हा माझ्याकडे बोट दाखवणार, असं मला वाटलं. पण त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हो," तो म्हणाला. "मी आजारी नव्हतो, तू आजारी होतास, मी घाबरलो होतो. खोलीत चहाची पूड होती, आधीच्या भाडेकरूंची. मी प्यालो."

"आजच साहेबांना लिही," मास्तर म्हणाला. "आणि पश्चात्ताप कर."

मनातून मी त्या मास्तरला काय काय म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि ताडमाडबद्दल मला असं काही वाटलं, की माझं मलाच नवल वाटलं. ज्या बाईनं अंगावर चहा फेकला, तिला हा पोरगा पाठीशी घालतोय! त्या रात्री मी यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "तू आता मधे पडू नकोस. त्यांचं ते बघतील."

पण गप्प बसेन तर ती मी कसली? तीन दिवस मी कसेबसे काढले. आणि खरं सांगायचं, तर मला माझं मन हलकं करायचं होतं. त्याचं काय होईल, याचा विचार मी केला, असं म्हणवत नाही.

गुरुवारी साहेब स्वतः आला. करडा सूट, हसरा चेहरा, आवाज मऊ. चहाची चूक मोठी नव्हती. तो सगळ्याच पोरांना भेटत फिरत होता, या दोघांकडेही आला होता. मी इस्त्रीचे शर्ट हातावर टाकले आणि जिना चढले. खोलीत तीन खुर्च्या, दोन खाटा, भिंतीवर आकड्यांचा तक्ता. त्यात 'खालचे काका' असं एका चौकटीत लिहिलेलं होतं. मी तिकडे बघायचं नाही, असं ठरवलं.

"साहेब," मी म्हटलं, "हा मुलगा चहा प्यालेला नाही. तो मी त्याच्या अंगावर फेकला."

ताडमाड खुर्चीतून अर्धा उठला. "काकू, नको," तो म्हणाला. मला वाटलं, अजूनही मलाच वाचवतोय.

"बस रे तू," मी म्हटलं. "चूक माझी आहे, मला सांगू दे."

साहेबानं फार आदरानं विचारलं, की हे कधी झालं. मी म्हटलं, बुधवारी दुपारी, माझ्या दुकानात. हा आपल्या साथीदारासाठी तापाची गोळी मागायला आला होता, स्वतःसाठी नाही.

"आणि त्याचा साथीदार?"

"तो इथे वर झोपला होता."

"तुमचे पती घरी होते?"

"नाही, डॉक्टरकडे गेले होते."

"म्हणजे तुम्ही दोघंच होतात."

"दोघंच," मी म्हटलं. कोर्टात साक्ष द्यावी तशी खणखणीत उत्तरं देत होते मी. इतक्या दिवसांनी छाती मोकळी झाली होती.

साहेबानं चष्मा काढला आणि ताडमाडकडे वळला. "तू मला लिहिलंस, की आठवडाभर तुम्ही एकमेकांच्या नजरेआड झाला नाहीत. आणि तू चहा प्यालास, असंही लिहिलंस."

मास्तर म्हणाला, "ती गोळी आपल्या औषधांच्या डब्यातली आहे, असं मला वाटलं होतं." ताडमाड ज्याच्यासाठी खाली गेला, त्या मास्तरला एवढंच सुचलं. ताडमाडनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते आणि त्याची बोटं पांढरी पडली होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चहा प्यायल्याबद्दल चार शब्द ऐकावे लागले असते. एकटं खाली येणं, तेही बाई एकटी असताना, आणि वर खोटं लिहिणं, हे निराळंच प्रकरण होतं. तो मला पाठीशी घालत नव्हता. मोठी चूक झाकायला त्यानं लहान चूक कबूल केली होती, आणि मी जिना चढून येऊन ती उघडी केली होती.

मी साहेबाच्या हातापाया पडायचं बाकी ठेवलं. म्हटलं, ताप होता हो, माणुसकी आहे की नाही? तो म्हणाला, "ताई, गोळीबद्दल आम्ही त्याला काही म्हटलं नसतं. त्यानं मला खरं सांगितलं असतं तर." आवाज तसाच मऊ. त्या मऊ आवाजाचा मला इतका संताप आला, की शर्ट तिथेच खाटेवर टाकून मी खाली आले.

शनिवारी सकाळी गाडी आली. ताडमाड एकच मोठी बॅग घेऊन उतरला, मास्तर तीन पायऱ्या मागे. हे आतून हाका मारत होते, "त्याला आत पाठव, मला भेटू दे." मी दारात उभी होते. काय बोलायचं, ते दोन दिवस घोकून ठेवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"मला वाटलं, तू माझ्यासाठी खोटं बोललास," मी म्हटलं.

"मी माझ्यासाठी बोललो होतो." त्याच्या बोलण्यात आज पुस्तक नव्हतं. "मी नको म्हणत होतो. तुम्ही ऐकलं नाहीत. तुम्हाला बरं वाटायचं होतं. वाटलं ना?"

तो खरंच उत्तराची वाट बघत होता.

"विमानतळावर आई एकटी येणार आहे," तो म्हणाला. "बाबा नको म्हणाले."

ड्रायव्हरनं डिकी उघडली. काहीतरी करावं म्हणून मी पुढे होऊन त्याच्या बॅगेचा पट्टा धरला.

"हात लावू नका," तो म्हणाला, आणि बॅग स्वतःच उचलून आत ठेवली.