मारुतीचा शेंदूर

आज देवळात तेलात कालवलेल्या शेंदराचा वास आला आणि तरुणपणचा एक संताप पुन्हा उसळला.

परंड्याजवळच्या आमच्या गावी मारुतीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर एके सकाळी आपोआप गळून पडला आणि आतली दगडी मूर्ती उघडी झाली. शहरातून आलेले एक शिल्पाभ्यासक मूर्तीच्या कोरीव डोळ्यांकडे बोट दाखवून मला म्हणाले, "शास्त्रीबुवा, आता शेंदूर लावू नका. खरी कला ही आहे."

गुरवीणबाई कडाडल्या, "देवाला उघडं ठिवायचं व्हय? तुमच्या बापाला ठिवता का तसं?"

मी त्या गृहस्थांना गाभाऱ्याबाहेर काढले आणि स्वहस्ते शेंदूर चढवला.

त्यांना मी आजही क्षमा केलेली नाही. त्यांनी बोटाने दाखवलेले ते कोरीव डोळे हात जोडताच शेंदराआडून दिसतात. स्तोत्र अर्ध्यावर राहते आणि मन कारागिराची स्तुती करू लागते.