पातळ तेल, कडू तोफू

ऑइल बदलायचंय, एवढं सांगून कुरामोची-सानांच्या गॅरेजात भागायचं नाही. आधी उलटतपासणी व्हायची. गाडी रात्री उघड्यावर असते की छपराखाली? सकाळी किती वाजता सुरू करता? घाट चढता का? चढताना मागे माल किती असतो? आणि शेवटी, मान तिरकी करून, पोचल्यावर किल्ली लगेच फिरवता का? मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, हा बाबा गाडीचं तेल बदलतोय की माझं लग्न ठरवतोय.

लग्न माझं झालेलंच होतं. माझा नवरा किइची गावातला तोफूवाला. तो सोयाबीन भिजवून, दळून तोफू करायचा आणि मी तो घाटमाथ्यावर गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी पोचवायचे. तिथल्या सात अतिथीगृहांत आमचा तोफू नाश्त्याला लागायचा. हेइसेई राजवटीचं तिसरं वर्ष, म्हणजे एकोणीसशे एक्याण्णव असेल, आम्ही नवी व्हॅन घेतली. छोटीच, पण टर्बोची, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून जोर वाढवणारा पंखा असलेली. एरवी तिचं इंजिन शिवणयंत्राएवढं. पाण्यात बुडवलेल्या तोफूचे डबे भरले की घाटात धापा टाकणार, म्हणून एवढी चैन केली. आठ महिन्यांत टर्बो शिट्टी मारायला लागला आणि मागून निळा धूर निघू लागला.

कुरामोची-सानांनी आतून एक बारीक नळी काढून माझ्यासमोर धरली. आत काळी खरपूड जमली होती.

"हे काय आहे, वहिनी?"

"जळलेलं तेल?"

"तुमच्या पातेल्यात सोया सॉस करपायला लागला तर काय करता?"

"गॅस बंद करते."

"तिथेच चुकता. इथे उलटं आहे. घाट चढून आतला पंखा लाल झालेला असतो. इंजिन बंद केलं की तेल फिरायचं थांबतं आणि जे आत अडकतं ते करपतं. वर पोचलात की एक मिनिट इंजिन चालू ठेवून उभं राहायचं. मग किल्ली."

"मला सात ठिकाणी नाश्त्याआधी पोचायचं असतं. मिनिट कुठून आणू?"

"मिनिट तुम्ही आणा. नाहीतर टर्बो मी आणतो, पण त्याला चार दिवस लागतात."

असं तोडून बोलणारा माणूस आमच्या गावात दुसरा नव्हता. आमच्याकडे सगळे गोड. जेवण खारट झालं तर लोक पाणी पिऊन 'फार छान' म्हणतात. कुरामोची-सानांचं हे बोलणं लोकांना टोचायचं, पण गाडी सगळे त्यांच्याकडेच न्यायचे.

त्या दिवसापासून रोज सकाळी मी माथ्यावर एक मिनिट उभी राहू लागले. आधी चरफडत, घड्याळ बघत. मग सोबत भाताचा गोळा नेऊ लागले, आत आंबट प्लमचं लोणचं घातलेला. समोर दरीतून धुकं वर यायचं. घरी सासूबाई, दुकानात गिऱ्हाइकं, फोन. दिवसभरात माझं म्हणावं असं तेवढं एकच मिनिट होतं, आणि ते मला एका मेकॅनिकने दिलं होतं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

तेलाच्या डब्यावर दोन आकडे असतात, हेही त्यांनीच शिकवलं. "पहिला थंडीचा, दुसरा घामाचा," ते म्हणायचे. पहिला जितका लहान तितकं तेल गोठलेल्या सकाळी लवकर धावतं. दुसरा जितका मोठा तितकं ते तापल्यावरही पाण्यासारखं होत नाही. माझ्या व्हॅनला हिवाळ्यात पाच-तीस, आणि उन्हाळ्याचे चार महिने, गाडीच्या पुस्तकाला विचारून, दहा-चाळीस. असानुमा म्हणून एक वायरमन आहे, तेव्हा विशीतला होता. त्याने शर्यतीच्या थाटाची टर्बो गाडी घेतली आणि सगळ्यात जाड तेल भरा म्हणून हटून बसला.

"जाड म्हणजे दणकट ना?"

"तुझी आजी उणे बारा अंशांच्या थंडीत पांघरुणातून उठल्या उठल्या पळत सुटते का?"

"नाही."

"मग जाड तेल कसं पळेल? ते वर चढेपर्यंत तुझा टर्बो कोरडा फिरणार. तेल गाडीच्या तोऱ्यावर ठरत नाही रे, गाडी कुठे झोपते आणि कुठे राबते त्यावर ठरतं."

त्यांच्या दोन सवयी होत्या. गाडीतून काढलेलं जुनं तेल अंगठा आणि बोटात घेऊन, डोळे मिटून चोळायचे आणि 'जमलं' किंवा 'नाही जमलं' एवढंच म्हणायचे. दुसरी सवय रेघेची. तेल सोडायचा खालचा बोल्ट घट्ट केला की बोल्टवरून तेलाच्या टाकीपर्यंत रंगाच्या पेनाने एक रेघ ओढायची. रेघ जुळलेली असेल तर बोल्ट हललेला नाही. बाकीचे मेकॅनिक पांढरी ओढतात, हे पिवळी ओढायचे. पिवळी दिसली की समजायचं, मधे कोणी हात लावलेला नाही.

एका वसंतात किइची गेला. सकाळी घाणा उतरवता उतरवता खाली बसला, तो उठलाच नाही. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाले आणि दुसऱ्या दिवशी मी स्वतः तोफू करायला लागले. कृती तोंडपाठ होती. सोयाबीनचं दूध तापवायचं, त्यात निगारी घालायची, म्हणजे मीठ काढल्यावर उरतं ते समुद्राचं कडू पाणी, की दूध विरजतं. एकही गिऱ्हाईक तुटलं नाही. सगळे म्हणायचे, अगदी किइची-सानांच्या हातचा लागतो. मला तेवढ्याच शब्दांचा आधार होता. अतिथीगृहांमधून हल्ली किसलेलं आलं जास्त मागतात, हे मला दिसायचं. म्हटलं, थंडी वाढलीय.

दोन वर्षांनी तेल कंपनीने गॅरेजाची पिंपं बदलली. पूर्वी पाच-तीसचं लाल आणि नव्या गाड्यांच्या शून्य-वीसचं निळं असायचं. शून्य-वीस फार पातळ, पेट्रोल वाचवतं, नव्या गाड्यांना तेच लागतं. आता दोन्ही पिंपं राखाडी आली, आकडे बारीक अक्षरात. कुरामोची-सान पंचाहत्तरीला टेकले होते. चष्म्याचं नाव काढलं की म्हणायचे, मला बोटं आहेत.

हिवाळ्याच्या तोंडावर तेल बदलून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी घाटात इंजिन टणटण वाजायला लागलं. मी तेल मोजायची पट्टी ओढून तेल बोटावर घेतलं. वीस-बावीस वर्षांत बोटं माझीही शिकली होती. पाणी होतं ते. परतताना असानुमा भेटला. आता पन्नाशीला आलेला, टक्कल पडलेलं.

"काकू, तुमच्यातही पातळ गेलं?" तो हळूच म्हणाला.

"म्हणजे?"

"आमच्यात दोनदा गेलं. आम्ही सगळे काय करतो, त्यांच्याकडून बदलून घेतो आणि मग घाटापलीकडच्या गॅरेजात जाऊन परत बदलतो. त्यांना सांगायचं कसं? सांगितलं तर गॅरेज बंद करतील. गॅरेजाशिवाय ते किती दिवस काढतील?"

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, त्यात मी भर घातली. पलीकडच्या गॅरेजात पिवळं पेन नव्हतं, तर मी ते दुकानातून विकत घेऊन गेले आणि त्या मेकॅनिकला शेजारी उभी राहून रेघ ओढायला लावली. तीन वर्षं हे चाललं. बारा गाड्या, वर्षातून दोनदा. सारं गाव त्यांच्या मागून हळूच घाट ओलांडायचं.

मग हायाशिदा बाई आल्या. शाळेत नवीन बदलून आलेल्या, भिडस्त बाई. त्यांचीही गाडी टर्बोची, शाळा घाटाच्या वर. त्यांना कोणी सांगितलंच नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने सांगितलं असेल. ऑक्टोबरात त्यांचा टर्बो गेला. मी आणि असानुमा तेव्हा गॅरेजातच होतो. कुरामोची-सान चारचौघांत त्यांना म्हणाले, "घाट चढून लगेच किल्ली फिरवता ना? सांगून सांगून थकलो. मुलांना शिस्त शिकवता ना तुम्ही?"

बाई कमरेत वाकल्या. "माझंच चुकलं," म्हणाल्या. त्या रोज शाळेच्या फाटकाशी मिनिटभर थांबायच्या. मी स्वतः पाहिलं होतं. मी जमिनीवरचा तेलाचा डाग बघत राहिले. असानुमा छताकडे बघत होता.

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून एक ताजा तोफू घेऊन मी गॅरेजात गेले.

"कुरामोची-सान, बाईंची चूक नाही. तेल चुकलं."

"कोणतं तेल?"

"शून्य-वीस भरलंत. पाच-तीस समजून. माझ्याही गाडीत. असानुमाच्याही. तीन वर्षं होतंय असं."

ते उठले. पिंपापाशी जाऊन त्यांनी नाक टेकेल इतकं तोंड जवळ नेलं. मग एका पिंपाचा थेंब एका बोटावर घेतला, दुसऱ्याचा दुसऱ्या. बराच वेळ चोळत राहिले.

"तुमच्या गाडीतून काढलेलं तेल मी दर वेळी बघितलंय. बरोबर होतं."

"ते दुसऱ्या गॅरेजचं होतं. तुमच्याकडून बदललं की आम्ही पलीकडे जाऊन परत बदलायचो."

"आणि रेघ?"

"पेन मी विकत घेतलं."

ते टायरांच्या चळतीवर बसले. "रेघ वाकडी दिसायची," ते म्हणाले. "मला वाटलं, माझा हात कापायला लागला." मग हातांकडे बघत म्हणाले, "तीन वर्षं तुमचं तेल चोळून मी मनाशी म्हणतोय, कुरामोची, डोळे गेले तरी बोटं शाबूत आहेत. माझं चुकलेलं तेल एकदा माझ्या बोटांना लागू दिलं असतंत, तर मला त्याच दिवशी कळलं असतं. ती बाई सगळ्यांसमोर वाकली नसती."

आम्ही त्यांची अब्रू राखत होतो, आणि त्यांच्या हाताशी जे एक खरं उरलं होतं तेच काढून घेतलं होतं.

त्यांनी उठून हात धुतले, दोनदा. मग माझा तोफू पुढे ओढला आणि काही न घालता, नुसताच, चमच्याने खाल्ला.

"कडू आहे," ते म्हणाले.

"काय?"

"तोफू. निगारी जास्त पडते तुमची. किइची गेल्यापासून कडू आहे. सगळं गाव वर आलं थापून खातं."

मला राग आला, खरा राग. "मग पाच वर्षं बोलला का नाहीत? सगळ्यांना तोडून बोलता, मलाच नेमके गोड झालात?"

"तुम्ही एकट्या पडला होतात," ते म्हणाले. "मला वाटलं, हिला एवढं तरी गोड लागू दे." आणि पुढे म्हणाले, "मीही पेनच विकत घेत होतो म्हणा ना."

त्याच दुपारी ते हायाशिदा बाईंच्या दारात गेले, जमिनीला कपाळ लावून माफी मागितली आणि टर्बो स्वतः बसवून दिला. मी रंगाचा डबा आणून एक पिंप लाल केलं, एक निळं. तेल भरताना आकडा मी मोठ्याने वाचायचे. "पाच-तीस," मी म्हणायचे. "ऐकलं," ते म्हणायचे आणि तरीही बोटावर घेऊन बघायचे.

आणि रोज सकाळी, मी घाटाला निघायच्या आधी, ते दुकानाच्या मागच्या दाराशी चमचा घेऊन हजर व्हायचे. पहिल्या दिवशी म्हणाले, कडू. दुसऱ्या दिवशी, कडू. असे अकरा दिवस. मी निगारी थेंबाथेंबाने कमी करत होते आणि मनातून त्यांना शिव्या घालत होते. बाराव्या दिवशी त्यांनी चमचाभर खाल्लं आणि बशी पुढे केली.

"अजून द्या."

"म्हणजे जमला?"

"जमला की नाही, ते एका चमच्यात कळतं का? अजून द्या."

सबंध वडी संपवली आणि म्हणाले, "भरा गाडीत." त्या दिवशी घाटावर माझं एक मिनिट पाच मिनिटांचं झालं.

वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी त्यांनी गॅरेज बंद केलं. तोफू चाखायला मात्र शेवटच्या आजारापर्यंत येत राहिले. त्यांना जाऊन आता दोन हिवाळे झाले. माझी नवी व्हॅन आहे, तिचं तेल शहरातले लोक संगणकात बघून भरतात. मला कोणी विचारत नाही, गाडी कुठे झोपते.

गेल्या महिन्यात मला मोठी सर्दी झाली. जिभेला चव कळेना. तोफू केला आणि असानुमाला हाक मारली.

"कसा झालाय, खरं सांग."

"एकदम छान, काकू," तो म्हणाला. त्याच्या बशीत किसलेल्या आल्याचा ढीग होता.

तो सगळा घाणा मी ओतून दिला. आज तोफू नाही म्हणून सात ठिकाणी माफी मागायची, तर रिकामी गाडी घेऊन घाट चढले. माथ्यावर इंजिन चालू ठेवून एक मिनिट उभी राहिले. "कडू आहे," असं मोठ्याने म्हणून पाहिलं. कुरामोची-सानांसारखं जमलं नाही.