म्हात्रे सिस्टरांची जादा ड्युटी

आधीच सांगते, मी या बाबतीत अगदी कोरडी बाई आहे. मांजर आडवं गेलं तर मी त्याला बिस्किट टाकते. अमावास्या कधी आहे हे मला सासूबाईंकडून कळतं, तेही ओरडा खाताना. आणि माझं काम असं, की जे काही होतं ते समोरच्या मॉनिटरवर दिसतं. नाही दिसलं तर वायर सुटलेली असते... इतकं सोपं. तरीही हे लिहायला बसलेय. नवरा म्हणतो, तू ड्युटीवर वेळेवर जेवत नाहीस म्हणून असं होतं. त्याला म्हटलं, भूक मला लागली होती, कॅमेऱ्याला नाही. कॅमेऱ्याचं पुढे येईलच. नावं बदलली आहेत.

मी ठाकुर्लीला राहते आणि डोंबिवलीत लहान मुलांच्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. एनआयसीयूमध्ये, म्हणजे वेळेआधी जन्मलेली नाजूक बाळं काचेच्या पेटीत ठेवतात तिथे. लोकांना वाटतं, फार उदास जागा असेल. अहो, कसली उदास! तळहाताएवढी माणसं, पण एकेकाचा तोरा बघावा. डायपर बदलायला घेतला की नेमका तेव्हाच आमच्या गाऊनवर अभिषेक. बारसं घरी गेल्यावरच होणार, तोपर्यंत पेटीवर फक्त आईचं नाव लावलेलं असतं. म्हणून आम्हीच टोपणनावं ठेवतो. कपाळाला सतत आठ्या असलेल्या एकाला आम्ही ‘साहेब’ म्हणायचो. सुजाताच्या लेकीचं नाव पडलं लवंगी, कारण आकार एवढासा आणि आवाज सगळ्या वॉर्डात.

पण लवंगीला एक वाईट खोड होती. ती श्वास घ्यायला विसरायची. फार लवकर जन्मलेल्या बाळांचं असं होतं. मध्येच सगळं थांबतं, मॉनिटर ओरडतो, आम्ही धावत जाऊन तळपायावर टिचकी मारतो, आणि बाईसाहेब दचकून पुन्हा श्वास घेतात. औषध चालू होतं, तरी प्रकार वाढत चालला होता. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर पुन्हा मोठ्या मशीनवर घ्यावं लागेल. त्याआधी आईच्या उघड्या छातीशी बाळ बांधून बघू. कांगारू केअर म्हणतात त्याला. आईची ऊब आणि तिच्या छातीचा हलता भाता मिळाला की अशा बाळांचा श्वास बऱ्याचदा ताळ्यावर येतो.

घोडं अडलं होतं ते आईपाशी. सुजाता कल्याणहून रोज यायची, दूध काढून वाटी आमच्या हातात द्यायची आणि काचेबाहेर उभी राहायची. आत यायची नाही. तिचं पहिलं बाळ असंच लवकर झालं होतं आणि तिच्या हातातच गेलं होतं. तिचा नवरा प्रशांत वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमधून सुटला की यायचा, कोपरापर्यंत घासून हात धुवायचा आणि लेकीचं बोट धरून बसायचा. कांगारूसाठी तोही तयार होता, पण नेमका खोकत होता, त्यामुळे त्याला चालणार नव्हतं. मी सुजाताला गोडीत सांगून पाहिलं, थोडं रागावूनही पाहिलं. ती एकच म्हणायची.

“माझ्या हाताला यश नाही, सिस्टर. तुम्हीच धरा तिला.”

मला खरंच रडू यायचं. आणि रागही यायचा, कोणावर ते माहीत नाही.

तो दिवस असाच होता. दुपारी ड्युटी बदलत होती आणि तेवढ्यात एक नवीन बाळ आलं. आलेल्या नर्स, जाणाऱ्या नर्स, डॉक्टर, सगळे त्या कोपऱ्यातल्या बाळाभोवती. लवंगीचा मॉनिटर ओरडला असता तर धावलो असतो. तो ओरडलाच नाही. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं, अरे, आज ही इतकी शांत कशी? वळून पाहिलं तर पेटी रिकामी.

आणि शेजारच्या आरामखुर्चीत सुजाता! अंगात गाऊन, छातीशी लवंगी, वरून आमची हिरवी चादर घट्ट बांधलेली. मी ओरडायलाच तोंड उघडलं होतं, पण आधी नजर मॉनिटरवर गेली. सगळे आकडे जागच्या जागी. नळ्या नीट, वायरी नीट, नाकाजवळची पट्टीसुद्धा नव्याने चिकटवलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ऑक्सिजनवरचं बाळ पेटीतून काढून आईला बांधायला आम्हाला दोघी लागतात. आणि ती चादर! आमच्याकडे आता चिकटपट्टीचे तयार पट्टे आलेत, चादर कोणीच बांधत नाही. इथे गाठ डाव्या काखेखाली होती, म्हणजे खुर्चीला टेकलं की पाठीत रुतत नाही. अशी गाठ मी आयुष्यात एकाच बाईला मारताना पाहिलेय. म्हात्रे सिस्टर. मला हे काम शिकवणाऱ्या.

मी हळूच विचारलं, कोणी बांधून दिलं गं? सुजाता रडत होती आणि हसतही होती. म्हणाली, त्या मोठ्या सिस्टरांनी. बुटक्या, पांढरा अंबाडा, चष्म्याला काळी दोरी. बाहेर बेसिनपाशी आल्या, माझे दोन्ही हात आपल्या हातांत धरून ठेवले.

“म्हणाल्या, भितेस कनाला गो बाय? यशाचं राहू दे, हात गरम झालं का सांग. मी हो म्हटलं, तर म्हणाल्या, मंग चल, पोर वाट बगते.”

‘गो बाय’ म्हणणाऱ्या म्हात्रे सिस्टर शीळफाट्याकडच्या एका आगरी गावातल्या. सुजाता पहिल्यांदा आमच्याकडे आली त्याच्या खूप आधी त्या रिटायर झालेल्या. आणि त्या आठवड्यात त्या नाशिकला लेकीकडे होत्या, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पलंगावर! मी बाहेर जाऊन लगेच फोन लावला. म्हणाल्या, दुपारभर गोळीने गाढ झोपले होते, आत्ता तुझ्या फोनने उठतेय. मी घडलेलं सांगितल्यावर खो खो हसल्या. म्हणाल्या, डॉक्टरांना सांग, जादा ड्युटीचा पगार लावा म्हणावं.

मग आम्ही कॅमेरा बघितला. वॉर्डच्या आत आया दूध पाजतात म्हणून तिथे कॅमेरा नाही, बाहेर बेसिनपाशी आहे. त्यात सुजाता दिसते. एकटी. हात धुते, पुसते. मग दोन्ही हात पुढे करते आणि तशीच उभी राहते... समोर कोणी नाही. मान हलवते. काहीतरी बोलते. आणि हसते. मग दार ढकलून आत जाते, एक हात अजून पुढेच, कोणीतरी धरून नेल्यासारखा.

डॉक्टरांनी ते दोनदा पाहिलं. चष्मा पुसला. म्हणाले, इतके दिवस काचेतून बघून शिकली असेल. कदाचित. पण गाठ? तशी गाठ बघायला आमच्याकडे होतीच कुठे? मग तेच म्हणाले, हिला यातलं काही सांगू नका, नाहीतर घाबरून बांधलेलं बाळ सोडायची. हे मात्र सगळ्यांना पटलं. सुजाताला सांगितलं, त्या सिस्टरांची ड्युटी बदलली.

त्या दिवसापासून सुजाता रोज त्या खुर्चीत. लवंगी हळूहळू श्वास घ्यायची शिस्त शिकली, मोठ्या मशीनची वेळ आलीच नाही. वजन वाढलं, गाल आले, एक दिवस घरी गेली. आम्ही सगळ्या दारापर्यंत सोडायला गेलो. प्रशांतने गाडी इतकी हळू नेली की मागच्या रिक्षावाल्याने त्याचा उद्धार केला.

खरी पंचाईत पुढे झाली. बारशाला ‘त्या’ सिस्टर हव्यातच, असा सुजाताचा हट्ट. म्हात्रे सिस्टर तोवर काठी घेऊन चालायला लागल्या होत्या. मी त्यांना गळ घातली, नुसतं या, काही बोलू नका. त्या आल्या. कल्याणच्या त्या घरात सुजाता गर्दीतून सरळ त्यांच्याकडे धावत आली आणि पाया पडली. मी ओळख करूनच दिली नव्हती. मग तिने लेक त्यांच्या मांडीवर ठेवली.

म्हात्रे सिस्टरांनी बाळाला जरा तोलून पाहिलं.

“आता भरलीय गो. त्या दिवशी हाताला लागतच नव्हती.”

मी गर्रकन त्यांच्याकडे वळले. त्यांनीही चमकून वर पाहिलं. मग म्हणाल्या, मी आत्ता काय बोलले? मी म्हटलं, काही नाही, घुगऱ्या खा.

आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. सुजाताला तर हा प्रश्नच माहीत नाही. त्या बारशात लेक रडायला लागली तशी तिने तिला उचलून एका हाताने खांद्यावर टाकलं आणि दुसऱ्या हाताने पाहुण्यांना पेढे वाटत पुढे गेली.